उसनें वस्त्र : असीसीचे संत फ्रान्सिस

जुबिलीचा सण जवळ येतो तशी घरोघर कापडाची खरेदी सुरू होते, शिंप्याच्या दुकानीं गर्दी होते, ठेवणींतलीं लुगडीं पेटींतून बाहेर निघतात, आणि देवळांत वेदीच्या वस्त्रांना इस्त्री होते. यांत वावगें असें कांहीं नाहीं. ज्या देवानें आमच्या आद्य मातापित्यांना एदेन बागेंतून बाहेर घालवितांनाहि आधीं कातड्याचीं वस्त्रें करून दिलीं, त्याच्या लेकरांनीं सणाच्या दिवशीं नेटकें नेसूनसवरून त्याच्या मंदिरीं यावें हें योग्यच होय. परंतु वस्त्र हा शब्द पवित्र शास्त्रांत दोन अर्थांनीं येतो. एक वस्त्र अंगावर असतें. तें विणतां येतें, विकतां येतें, आणि शेवटीं फाटून जातें. दुसरें वस्त्र आत्म्यावर असतें. ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांनीं प्रत्यक्ष ख्रिस्ताला परिधान केलें आहे, अशी संत पौलाची शिकवण आहे. हीं दोन वस्त्रें परस्परांपासून किती दूर आणि परस्परांच्या किती जवळ आहेत, हें ज्यांच्या आयुष्यांत पहिल्या दिवसापासून शेवटच्या घटकेपर्यंत स्पष्ट दिसतें, अशा एका संतांचें चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. ते संत म्हणजे असीसीचे फ्रान्सिस. ज्यांचें पवित्र शरीर गोव्यास आहे ते संत फ्रान्सिस झेवियर यांच्याहून निराळे, आणि काळानें त्यांच्या सव्वातीनशें वर्षें आधींचे.

इटली देशाच्या मध्यभागीं उंब्रिया नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यांत एका डोंगराच्या उतारावर असीसी हें शहर वसलेलें आहे. तेथें ११८१ किंवा ११८२ सालीं फ्रान्सिसचा जन्म झाला. बाप पिएत्रो बेर्नार्दोने हा शहरांतला श्रीमंत कापड-व्यापारी. आईचें नांव पिका असें परंपरेनें सांगतात. मूल जन्मलें तेव्हां बाप व्यापारानिमित्त फ्रान्स देशीं गेला होता. आईनें बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाचें नांव योहान असें ठेविलें. बाप घरीं परतला आणि मुलाला फ्रान्चेस्को, म्हणजे फ्रान्सकडचा, असें म्हणूं लागला. ज्या देशाशीं कापडाची देवघेव, त्याच देशावरून मुलाला हांक पडली, आणि तेंच नांव पुढें जगभर झालें.

वयांत येतांच फ्रान्सिस बापाच्या दुकानीं बसूं लागला. व्यापारांत तो हुशार होता, पण मिळविण्यापेक्षां उधळण्यांत अधिक हुशार. शहरांतल्या उमद्या तरुणांचा तो म्होरक्या. मेजवान्या, गाणीं आणि रात्रीबेरात्रीं रस्त्यांतून मिरविणें यांत त्याचा वेळ जाई. कपड्यांचा शोक तर विचारूंच नये. त्याच्या सोबत्यांच्या आठवणींत एक मौजेची गोष्ट सांगितली आहे. लोकांच्या नजरा वळाव्यात म्हणून तो कधीं कधीं अतिशय भारी कापडाला अगदीं हलक्या प्रतीचें कापड जोडून एकच अंगरखा शिववून घेई. तो चाळा होता. पण पुढें ज्याच्या अंगावर ठिगळांचा झगा येणार होता, त्याचें पहिलें ठिगळ असें गंमतीनेंच लागलें. याच काळांत एकदां दुकानांत गिऱ्हाइकांच्या गडबडींत त्यानें एका भिकाऱ्याला रिकाम्या हातानें घालविलें. भिकारी दिसेनासा झाला आणि फ्रान्सिसच्या मनाला टोंचणी लागली. एखाद्या सरदाराच्या नांवानें कोणी मागावयास आला असता तर आपण त्याला नाहीं म्हटलें असतें काय, आणि हा तर देवाच्या नांवानें आला होता, असा विचार त्याच्या मनांत आला. पुढें देवाच्या नांवानें मागणाऱ्याला कधीं नाहीं म्हणावयाचें नाहीं, असा त्यानें निश्चय केला.

१२०२ सालीं असीसी आणि शेजारचें पेरुजिया शहर यांचें युद्ध जुंपलें. कोलेस्त्रादा येथील लढाईंत असीसीचा मोड झाला. फ्रान्सिस शत्रूच्या हातीं सांपडला आणि सुमारें एक वर्ष त्यानें तुरुंगांत काढलें. सुटून आल्यावर दीर्घ आजार झाला. तरी सरदार होण्याची हांव सुटली नव्हती. थोड्याच काळानें दक्षिणेकडे आपुलिया प्रांतीं चाललेल्या एका मोहिमेंत सामील होण्यासाठीं त्यानें उंची पोषाख आणि शस्त्रें तयार करविलीं. निघण्याच्या सुमारास त्याला एक गरीब सरदार भेटला. कुळ थोर, पण अंगावरचे कपडे विटलेले. फ्रान्सिसनें आपला नवा पोषाख त्याला देऊन टाकला. जुने चरित्रकार येथें तूर येथील संत मार्टिन यांची आठवण करतात. त्यांनीं सैन्यांत असतांना आपला झगा तरवारीनें कापून अर्धा भाग कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला होता. फ्रान्सिस मोहिमेस निघाला खरा. पण स्पोलेतो गांवाच्या पुढें त्याचें पाऊल पडलें नाहीं. तेथें रात्रीं त्याला अशी ईश्वरी प्रेरणा झाली कीं, धन्याला सोडून चाकराच्या मागें लागणें हें शहाणपण नव्हे. तो असीसीस परत फिरला.

आतां मन बदललें होतें, पण वेष तोच होता. पुढें तो रोम शहरीं यात्रेस गेला. संत पेत्राच्या महामंदिराच्या दारीं भिकाऱ्यांची रांग बसली होती. फ्रान्सिसनें आपला पोषाख एका भिकाऱ्याला देऊन त्याच्या चिंध्या स्वतःच्या अंगावर चढविल्या आणि तो त्यांच्यांत भीक मागत बसला. दुसऱ्याचें वस्त्र अंगावर घेतल्यावांचून दुसऱ्याची थंडी आपल्याला कळत नाहीं, हें तो त्या दिवशीं शिकला. असीसीस परतल्यावर एक महारोगी त्याला वाटेंत भेटला. महारोग्यांचा त्याला लहानपणापासून विलक्षण तिटकारा होता. त्या दिवशीं तो घोड्यावरून उतरला, त्यानें त्याच्या हातावर पैसे ठेविले आणि त्या हाताचें चुंबन घेतलें. मृत्यूपूर्वीं लिहून ठेविलेल्या आपल्या मृत्युपत्रांत त्यानें स्वतः या महारोग्यांच्या सेवेंतूनच आपलें परिवर्तन झाल्याचें सांगितलें आहे.

शहराबाहेर संत दामियान यांचें एक मोडकळीस आलेलें देऊळ होतें. तेथील क्रुसापुढें प्रार्थना करीत असतांना, आपलें पडतें घर सावरावें अशी ख्रिस्ताची आज्ञा फ्रान्सिसच्या कानीं आली. भोळ्या मनानें त्यानें ती त्या चार भिंतींविषयींच आहे असें समजून बापाच्या दुकानांतील उंची कापड घोड्यावर लादलें, फोलिन्यो गांवच्या बाजारीं तें विकलें, घोडाहि विकला, आणि पैसे त्या देवळाच्या धर्मगुरूपुढें ठेविले. धर्मगुरूनें ते घेतले नाहींत. बापाला हें कळलें तेव्हां त्याचा संताप अनावर झाला. त्यानें मुलाला घरांत कोंडलें. आईनें बाप नसतांना त्याची सुटका केली. शेवटीं प्रकरण असीसीचे बिशप ग्विदो यांच्यापुढें गेलें.

१२०६ सालीं बिशपमहाराजांच्या वाड्यासमोर लोक जमले. या प्रसंगाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधितों. बाप दुष्ट होता असें समजूं नये. त्याचा माल न विचारतां विकला गेला होता, त्याचा मुलगा गांवांत हंसें होऊन बसला होता, आणि आयुष्यभर जमविलेलें कोणासाठीं, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा होता. बिशपांनीं निवाडा न्यायाचाच दिला : दुसऱ्याच्या पैशानें देवाचें घर बांधूं नये, पैसे परत करावे. फ्रान्सिस आंत गेला, त्यानें अंगावरचे सर्व कपडे उतरविले, त्यांची घडी केली, त्यांवर पैसे ठेविले, आणि सर्वांदेखत उघड्या अंगानें येऊन तें सारें बापाच्या पुढें ठेविलें. यापुढें पिएत्रो बेर्नार्दोने हा आपला बाप नसून स्वर्गांतला देव हाच आपला बाप, असें त्यानें सांगितलें. बाप कपडे उचलून घरीं गेला. जमलेल्यांच्या डोळ्यांत पाणी आलें.

बिशपांनीं मग काय केलें? त्यांनीं उपदेश केला नाहीं. त्यांनीं आपला स्वतःचा झगा पसरून त्या तरुणाला त्यांत घेतलें. आपल्या मराठींत दुसऱ्याच्या अपराधावर पांघरूण घालणें असा एक वाक्प्रचार आहे. त्या दिवशीं बिशपांनीं जें पांघरूण घातलें तें अपराधावर नव्हतें, तर ज्यानें आपलें म्हणण्यासारखें कांहींच ठेविलें नाहीं त्याच्यावर होतें. पवित्र ख्रिस्तसभेनें एका उघड्या माणसाला आपल्या पदराखालीं घेतलें. क्रुसावर चढविण्यापूर्वीं आमच्या तारकाचींहि वस्त्रें काढून घेतलीं होतीं. त्याचें अनुकरण करूं पाहणाऱ्याची सुरुवात याहून निराळी कशी व्हावी? नंतर वाड्यांतल्या एका गड्याचा जुना अंगरखा त्यांना दिला गेला. संत बोनाव्हेंचर सांगतात कीं, त्यावर फ्रान्सिस यांनीं आपल्या हातानें चुन्याचा क्रूस काढला. उंची कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलानें आयुष्यांत पसंत केलेली ही पहिली नक्षी.

त्यानंतर ते गाणीं गात रानांतून चालले असतां चोरांनीं त्यांना गांठलें, मारलें, आणि बर्फानें भरलेल्या खड्ड्यांत लोटून दिलें. जवळच्या एका मठांत त्यांनीं कांहीं दिवस स्वयंपाकघरांत काम केलें. पण तेथें त्यांना जुना कपडाहि मिळाला नाहीं. शेवटीं गुब्बियो शहरांतील एका जुन्या मित्रानें त्यांच्या अंगावर एक अंगरखा घातला. आम्हां मठवाशांना आणि धर्मगुरूंना ही गोष्ट विसरतां येण्यासारखी नाहीं.

दोन-तीन वर्षें त्यांनीं एकांतवासी साधूचा वेष केला, पडकीं देवळें आपल्या हातांनीं दुरुस्त केलीं, आणि महारोग्यांची सेवा केली. मग १२०८ किंवा १२०९ सालीं पोर्त्सिउंकुला नांवाच्या लहानशा देवळांत मिस्सेच्या वेळीं त्यांनीं शुभवर्तमानाचा तो भाग ऐकला, ज्यांत प्रभूनें आपल्या शिष्यांना थैली, काठी, वहाणा किंवा दुसरा अंगरखा न घेतां प्रचारास पाठविलें. त्यांना आपली वाट सांपडली. काठी टाकली, वहाणा काढल्या, कातड्याचा कमरपट्टा सोडला आणि त्या जागीं साधी दोरी बांधली. झगा खरखरीत, न रंगविलेल्या लोकरीचा, आकारानें क्रुसासारखा. त्याची चोरी करावी असें कोणाच्या मनांत येऊं नये, इतका तो हलका होता. लवकरच सोबती मिळाले. १२०९ च्या सुमारास पोप इनोसेंट तिसरे यांनीं त्यांच्या जीवनक्रमाला तोंडी मान्यता दिली, आणि २९ नोव्हेंबर १२२३ रोजीं पोप ओनोरियस तिसरे यांनीं संघाचा नियम लेखी मंजूर केला.

त्या नियमाचें दुसरें प्रकरण वस्त्रांविषयीं आहे. व्रतस्थ बंधूला एक टोपीचा झगा, हवा असल्यास एक बिनटोपीचा, दोरी आणि चोळणा. फाटल्यास गोणपाटाचें ठिगळ लावावें, देवाचा आशीर्वाद घेऊन. इतकें तर कोणीहि कडक माणूस लिहील. परंतु त्याच प्रकरणाच्या शेवटीं संतांनीं आपल्या बंधूंना अशी ताकीद दिली आहे कीं, मऊ व रंगीत कपडे घालणाऱ्या लोकांना पाहून त्यांचा तिरस्कार करूं नये, त्यांचा न्याय करूं नये. प्रत्येकानें स्वतःचाच न्याय करावा. ज्याला चिंध्यांचा गर्व झाला त्याचें रेशीम अजून अंगावरून उतरलेलें नाहीं, हें त्या महात्म्यानें ओळखलें होतें.

१२१२ च्या सुमारास झावळ्यांच्या रविवारीं रात्रीं असीसीच्या एका खानदानी घराण्यांतील क्लारा नांवाची तरुणी घर सोडून पोर्त्सिउंकुला येथें आली. वेदीपुढें तिनें आपला उंची पोषाख उतरविला. फ्रान्सिस यांनीं तिचे केस कापले आणि तिला जाडाभरडा झगा दिला. नातलग तिला ओढून न्यावयास आले तेव्हां तिनें वेदीचें वस्त्र घट्ट धरलें आणि डोक्यावरचें आच्छादन दूर करून कापलेले केस दाखविले. नातलग परत गेले. त्याच संत क्लारा. त्यांच्या संघांत प्रवेश करणाऱ्या भगिनींचा वस्त्रग्रहणाचा विधि आज शतकें लोटलीं तरी चालत आला आहे.

स्वतःच्या झग्यापायीं मात्र फ्रान्सिस आपल्या सोबत्यांना सतत काळजींत पाडीत. कारण तो अंगावर राहील याची कधीं खात्री नसे. सिएना शहराहून परत येतांना एक गरीब मनुष्य दिसला. फ्रान्सिस यांनीं आपलें पांघरूण लगेच काढलें. सोबत्यानें आजारपणाची आठवण देऊन विरोध केला. संतांचें म्हणणें असें कीं, हें पांघरूण त्याचेंच आहे. आपल्याहून गरीब असा कोणी भेटेपर्यंत तें आपल्याकडे उसनें होतें, आणि उसनें परत न करणें ही चोरी होय. या एका विचारांत त्यांचें सर्व अर्थशास्त्र सांठविलें आहे. आम्ही कपड्यांविषयीं माझे, तुझे असें बोलतों. त्यांच्या हिशेबीं मालक एकच, आणि बाकी सारे उसनवार.

आणखी एक गोष्ट. उतारवयांत त्यांची प्रकृति ढासळली. थंडीच्या दिवसांत पोटाला ऊब मिळावी म्हणून त्यांच्या वरिष्ठ बंधूनें झग्याच्या आंतून कोल्ह्याच्या कातड्याचा तुकडा शिवावयाचें ठरविलें. फ्रान्सिस यांनीं होकार दिला, पण एका अटीवर : तेवढाच तुकडा झग्याच्या बाहेरूनहि लावावा, म्हणजे आंत काय आहे तें लोकांना कळेल. आंत एक आणि बाहेर एक, असें अस्तर त्यांना नको होतें. ऊब घेणें हें पाप नव्हे. ऊब घेऊन थंडीचें नांव मिळविणें हें त्यांना खपलें नाहीं. आम्हां धर्मगुरूंनीं, ज्यांना लोक झग्यावरूनच ओळखतात व झग्यामुळेंच मान देतात, या गोष्टीवर पुष्कळ वेळ विचार करावा.

१२१९ सालीं पांचवें क्रूसयुद्ध चाललें असतां ते मिसर देशीं दमिएत्ता येथें गेले. तरुणपणीं ज्यानें शस्त्रें सजवून युद्धाचीं स्वप्नें पाहिलीं, तोच आतां चिलखताशिवाय, ठिगळांच्या झग्यानिशीं, एका सोबत्यासह शत्रूच्या छावणींत सुलतान अल-कामिल यांच्या भेटीस गेला. सुलतानानें त्यांना आदरानें वागविलें आणि सुखरूप परत पाठविलें. ज्याच्याजवळ लुटण्यासारखें कांहीं नाहीं आणि मारण्याची इच्छाहि नाहीं, त्याला ढालीची काय गरज?

१२२४ च्या सप्टेंबर महिन्यांत ला व्हेर्ना डोंगरावर उपवास-प्रार्थना करीत असतां ख्रिस्ताच्या पंचक्षतांच्या खुणा त्यांच्या हातापायांवर आणि कुशींत उमटल्या. बाप्तिस्म्यांत ख्रिस्ताला परिधान केलें असें आपण सारे विश्वासानें मानतों. त्यांच्या बाबतींत तें वस्त्र कातडीवर दिसूं लागलें. आणि त्यांनीं काय करावें? झग्याच्या बाह्या पुढें ओढून ते आपले हात झांकीत, पायांवर आवरण घालीत. एरवीं लोकांना दिसावें म्हणून कोल्ह्याचें कातडें बाहेर लावणारे ते, देवाची देणगी मात्र लपवीत. कमीपणा उघडा आणि कृपा झांकलेली. आपण बहुतेक लोक याच्या अगदीं उलट करितों.

१२२६ चा ऑक्टोबर महिना. दृष्टि गेलेली, शरीर झिजलेलें. पोर्त्सिउंकुला येथें त्यांनीं आपल्याला उघड्या जमिनीवर उघड्या अंगानें निजवावें अशी इच्छा दर्शविली. वीस वर्षांपूर्वीं बिशपांपुढें जसे उभे राहिले तसेच आतां ते देवापुढें पडले. तेव्हां त्यांच्या वरिष्ठ बंधूला एक युक्ति सुचली. त्यानें झगा, चोळणा आणि टोपी आणून, हे कपडे तुम्हांला उसने दिले आहेत, ते तुमचे नाहींत आणि म्हणून कोणाला देऊन टाकण्याचाहि तुम्हांला अधिकार नाहीं, अशा अर्थाची आज्ञा आज्ञाधारकतेच्या व्रतावरून केली. संतांना पराकाष्ठेचा आनंद झाला. मरतांनाहि अंगावर आपलें असें कांहीं नव्हतें. रोमहून याकोबा नांवाची एक थोर घराण्यांतील विधवा, त्यांची जुनी भक्त, राखी रंगाचें कापड आणि मेणबत्त्या घेऊन त्याच सुमारास आली. तें प्रेतवस्त्रासाठीं उपयोगीं पडलें. ३ ऑक्टोबरच्या सायंकाळीं त्यांनीं देह ठेविला. दोन वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत तोंच, १६ जुलै १२२८ रोजीं, पोप ग्रेगरी नववे यांनीं त्यांना संतपद दिलें. त्यांचा ठिगळांचा झगा असीसी येथें जतन करून ठेविला आहे. त्यांच्या बापाच्या दुकानांतल्या उंची कापडाचा एक धागाहि आज कोणाला दाखवितां येणार नाहीं.

हा दोरीचा झगा आपल्या किनाऱ्यासहि अनोळखी नाहीं. सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन बंधु वसईस आले. किल्ल्यांत त्यांच्या देवळाचे भग्नावशेष उभे आहेत. त्याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनीं जपान देशीं व्यापार केला, आणि तो भरभराटींत असतां सोडून मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधूचा झगा पत्करला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यांत आलें. ८ जून १८६२ रोजीं पोप पायस नववे यांनीं त्यांना संत म्हणून घोषित केलें. व्यापाऱ्याचा मुलगा असीसींत, आणि व्यापारी आपल्या वसईंत. दोघांनींहि माल सोडला आणि एकच वस्त्र घेतलें.

धर्मग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपल्यांतल्या प्रत्येकाला देवळांत पहिल्यांदा आणलें तेव्हां बाप्तिस्म्याच्या वेळीं पांढरें वस्त्र देण्यांत आलें, आणि तें निष्कलंक ठेवून स्वर्गांत न्यावें अशी प्रार्थना झाली. तेंच एक वस्त्र आपलें, बाकीचें उसनें. म्हणून जुबिलीच्या दिवशीं नवे कपडे जरूर घाला. संत फ्रान्सिस यांच्या नियमानेंच तुमचा न्याय करण्यास आम्हांस मनाई केली आहे. परंतु अंगावर नवें नाहीं या लाजेनें एखादा भाऊ, एखादी विधवा, एखादें पोर त्या दिवशीं मिस्सेला आलें नाहीं, तर आपल्या सर्वांचा सण उघडा पडला असें आम्ही समजूं. सण येण्यापूर्वीं आपली पेटी उघडून पाहावी. घडी न मोडलेलें एखादें वस्त्र तिच्यांत तळाशीं असेल. तें कोणाचें आहे, तें संत फ्रान्सिस यांनीं सांगून ठेविलें आहे. त्याच्या धन्याचें घर बहुधा आपल्याच आळींत असेल. तें रात्रीं, कोणाला न कळतां, पोंचवावें. मग प्रभूच्या मेजवानीला आपण सारेच लग्नाचें वस्त्र नेसून बसूं.